सी-एच ॲक्टिव्हेशन : धातूंची कॉम्प्लेक्स आणि एन्झाइम
कार्बन-हायड्रोजन बंध धातूच्या मदतीनं तोडून तिथं दुसरा अणू किंवा गट बसवायचा, याला सी-एच ॲक्टिव्हेशन म्हणतात. मिथेनमधला हा बंध तोडायला मोलमागं साधारण १०५ किलोकॅलरी लागतात, शिवाय तो जवळपास अध्रुवीय (दोन्ही टोकांवर विद्युतभार जवळपास सारखाच), त्यामुळं रिएजंटला, म्हणजे रिॲक्शन घडवणाऱ्या पदार्थाला, धरायला जागाच मिळत नाही.

सुरुवात कुणापासून धरायची यावर एकमत नाही. काहीजण बेंझिनला पारा जोडायच्या १९ व्या शतकाअखेरच्या रिॲक्शनपर्यंत मागं जातात, पण ते ॲरोमॅटिक सब्स्टिट्यूशनच आहे, म्हणजे पारा आधी बेंझिनच्या वलयाला चिकटतो आणि हायड्रोजन मग सुटतो. १९६५ साली चॅट आणि डेव्हिडसन यांनी रुथेनियमवर नॅप्थलीनचा सी-एच बंध तुटलेला दाखवला, हे जास्त पटतं. मात्र साध्या अल्केनचा (मिथेनसारख्या, फक्त एकेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनचा) विचार केला तर मान शिलोव यांनाच द्यावा लागतो, १९६९ च्या सुमारास त्यांच्या सोव्हिएत गटानं प्लॅटिनमच्या क्षारासोबत अल्केनमधल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) बसवला आणि पुढं त्यात प्लॅटिनम-चार (+४ अवस्थेतलं प्लॅटिनम) घालून मिथेनपासून मिथेनॉलही मिळवलं, फक्त ऑक्सिडंट (इलेक्ट्रॉन काढून घेणारा पदार्थ) म्हणून प्लॅटिनमच खर्ची पडायचं. १९८२ मध्ये बर्गमन आणि ग्रॅहम यांनी वेगवेगळं काम करून इरिडियम थेट अल्केनच्या बंधात शिरतं हे दाखवलं.

एन्झाइममध्ये सर्वात जास्त अभ्यास झालाय तो सायटोक्रोम पी-४५० चा. कार्बन मोनॉक्साइड जोडल्यावर ४५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणून हे नाव. त्यातल्या हीम या वलयाच्या मधोमध असलेल्या लोखंडाला एका बाजूनं सिस्टीन या अमिनो आम्लाचं गंधक धरून असतं आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. हा ऑक्सिजन आधी हायड्रोजन ओढतो आणि मग तयार झालेला ओएच गट लगेच कार्बनकडे परत येतो, यालाच ग्रोव्ह्झ यांचं रिबाउंड म्हणतात. मधला रॅडिकल (हायड्रोजन गेल्यावर एकटा इलेक्ट्रॉन उरलेला कार्बन) काही प्रयोगांत इतका अल्पायुषी दिसला की तो बनतो तरी का अशी शंका घेतली गेली, तरी आज बहुतेकांचा कल रिबाउंडकडेच आहे. हायड्रोजन ओढणारं हे लोखंड-ऑक्सिजनचं रूप, म्हणजे कंपाउंड-वन, २०१० मध्ये रिटल आणि ग्रीन यांनी पकडून दाखवलं.

मिथेनसाठी निसर्गाकडं मिथेन मोनोऑक्सिजनेज हे एन्झाइम आहे. विरघळणाऱ्या प्रकारात दोन लोखंडं, पटलातल्या (पेशीच्या पातळ आवरणातल्या) प्रकारात तांबं. इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या रोमन स्नानगृहातून मिळालेल्या मिथायलोकोकस कॅप्सुलेटस या बॅक्टेरियाकडे दोन्ही आहेत, तांबं मिळालं की तो पटलातलं वापरतो, कमी पडलं की लोखंडवालं. हे तांबं एकेकटं की जोडीनं, यावरचा वाद २००५ ची स्फटिकरचना आल्यावरही मिटला नाही, अलीकडचा पुरावा एकेकट्या तांब्याकडे झुकतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं भातखाचरांतून असे मिथेन खाणारे बॅक्टेरिया वेगळे केलेत.