धुळवडीला काठावर कपडे सांभाळत बसणाऱ्यांसाठी

मोठ्यांच्या पोहण्याच्या बॅचची माहिती (वय १८ ते ३५)

धुळवडीच्या दुपारी गावातले पोट्टे रंग धुवायला नदीवर निघतात. पाच जण धडाधड डोहात उड्या टाकतात आणि सहावा काठावर बसतो. त्याच्याजवळ पाच मोबाईल, तीन गाड्यांच्या चाव्या आणि कपड्यांचा ढीग. "काऊन बे, येत नाही का?" असं कोणी ओरडलं की तो म्हणतो, "सर्दी हाये राजा." दरवर्षी नेमकी धुळवडीलाच सर्दी. हे पत्रक त्या सहाव्यासाठी आहे. आणि त्या पाचांतला जो मधोमध कधी जात नाही, काठालगतच चार हात मारून "झालं बा आपलं" म्हणत बाहेर येतो, त्याच्यासाठी जरा जास्तच.

पुलगाव-आर्वी पट्ट्यातला आमचा टँक लहान आहे. लांबी १५ मीटर, एका टोकाला साडेतीन फूट पाणी, दुसऱ्या टोकाला सात. गुढीपाडव्यापासून मिरगापर्यंत चालतो. शिकवायला मी आणि आमच्या सौ., असे दोघंच. धुळवड ते पाडवा या दोन आठवड्यांत चौकशीला सगळ्यात जास्त लोक येतात, आणि त्यातले बरेच जण "भाच्यासाठी विचारायला आलो" असं सांगतात. एक जण तर तीन दिवस गेटपाशी येऊन पाण्याकडे बघून गेला. चौथ्या दिवशी स्वतःच चड्डी-टॉवेल घेऊन आला. भाचा अजून यायचा आहे.

येत नाही यात तुमचा दोष किती?

फार थोडा. तुमच्या आजोबांच्या वेळी वावरात मोठी विहीर होती. कमरेला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधायचा, काका वरून दोर धरायचा, आणि एका उन्हाळ्यात पोरगं तयार. आता अनेक वावरांत बोअर आहे. सहा इंचांच्या भोकात कोण पोहायला शिकणार? ज्या विहिरी उरल्या त्यांतलं पाणी एप्रिलमध्येच तळाला जातं. नदीचं म्हणाल तर रेती उपसून पात्रात असे खड्डे पडलेत, की टोंगळाभर पाण्यातून चालणाऱ्याचा पुढचा पाय थेट डोक्यावर पाण्यात जातो. शिवाय घराण्यात कधी कोणी बुडालेलं असलं की आई नदीचं नावही काढू देत नाही. त्या आईला आम्ही चूक म्हणणार नाही.

म्हणजे शिकायची जागा गेली, पण "गावचा पोरगा म्हणजे पोहता येणारच" ही समजूत राहिली. लाज वाटते ती या समजुतीपायी.

आता माझं ऐका

मला 'येत होतं'. आमच्या विहिरीचा व्यास अठरा फूट. उडी मारायची, डोकं वर ठेवून पाच-सहा हात मारायचे, की समोरची कपार हाताला लागायची. गावात मी पोहणारा म्हणून गणला जायचो. चोविसाव्या वर्षी नोकरीला शहरात गेलो आणि तिथल्या २५ मीटरच्या टँकमध्ये मोठ्या ऐटीत उतरलो. निम्म्या अंतरावर छाती भरून आली, हात जड झाले, मी दोरी धरून लटकलो. माझ्या काखेखालून सात वर्षांची एक पोरगी बदकासारखी निघून गेली. तिथल्या शिकवणाऱ्याने पुढच्या आठवड्यात इलाज म्हणून मला न सांगता खोल बाजूला ढकललं. पोटभर पाणी प्यालो आणि पुढची चार वर्षं पाण्याकडे फिरकलो नाही.

म्हणून आमच्याकडे कोणालाही ढकललं जात नाही. 'ढकललं की आपोआप येतं' म्हणणारे पुष्कळ भेटतात. ज्यांना तसं आलं तेच सांगायला उरतात.

दम का लागतो?

कच्चं पोहणाऱ्याला वाटतं, आपल्यात ताकद नाही. पण पन्नास किलोचं खताचं पोतं खांद्यावर टाकणारा गडी आमच्याकडे दहा मीटरवर दमतो, आणि त्याची बारकी बहीण आरामात पलीकडे जाते. ताकदीचा इथे फारसा संबंध नाही.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असतं. त्यात शरीर आडवं राहिलं तर सरकतं, तिरपं झालं तर अडतं. विहिरीतल्या सवयीने आपण डोकं वर धरतो. डोक्याचं वजन साधारण पाच किलो. पाण्यात असताना ते पाणीच उचलतं, बाहेर काढलं की हातापायांना उचलावं लागतं. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग तुम्ही पुढे जायच्या ऐवजी स्वतःलाच वर ढकलत बसता. सडपातळ, कसलेल्या पायांच्या मुलांचे पाय तसेही लवकर बुडतात, कारण हवेने भरलेली फुप्फुसं वर छातीत आणि जड हाड-मांस खाली. बायकांच्या अंगात चरबीचं प्रमाण सरासरीने जास्त, म्हणून त्या बहुधा सहज तरंगतात. हे बॅचमध्ये सांगितलं की ताया खूश होतात आणि दादा लोक गप्प बसतात.

दुसरी आणि मोठी गोष्ट श्वासाची. भीतीने आपण छातीत हवा कोंडून धरतो. श्वास घ्यावा अशी तगमग होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, प्राणवायू संपल्यामुळे नव्हे. आतली हवा बाहेर सोडलीच नाही तर तोंड वर काढल्यावर नवी घ्यायला जागा कुठे? मग आधी सोडायची, मग घ्यायची, एवढ्यात पुन्हा तोंड पाण्यात. नाकात पाणी, ठसका, आणि काठावरचे हसतात. श्वास पाण्याखालीच सोडायचा असतो, हे विहिरीत मला कोणीच सांगितलं नव्हतं.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी पोहायचं नसतं. पायरीवर बसायचं, छातीभर पाण्यात. चुलीत फुंकणीने फुंकता तसं पाण्यात तोंड घालून सावकाश फुंकायचं. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. भडाभड आले तर घाई आहे, आलेच नाहीत तर श्वास कोंडलाय. दहा वेळा, वीस वेळा, पन्नास वेळा. गेल्या साली सात-बारा पाहून कर्ज मंजूर करणारे एक दादा बॅचला होते. पहिले दोन दिवस त्यांना हा पोरखेळ वाटला, तिसऱ्या दिवशी तेच शेजारच्याला "हळू सोड, हळू" म्हणायला लागले.

मग तरंगणं, भिंतीला पाय रेटून सरकणं, मग पाय मारणं, आणि हात सगळ्यात शेवटी. हवेच्या ट्यूबा आणि दंडावरचे फुगे आम्ही देत नाही, ते काढले की माणूस परत पहिल्या दिवसावर येतो. किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, देतो. 'महिन्यात पोहणारा करून देऊ' अशी पाटी लावलेली नाही. कोणाला तीन आठवडे लागतात, कोणाला दुसरा उन्हाळा.

'येतं' कधी म्हणायचं, याला आमची मोजणी अमेरिकन रेडक्रॉसच्या पाच गोष्टींची आहे: डोक्यावर पाणी असेल तिथे उतरून वर येणं, एक मिनिट तरंगणं किंवा जागच्या जागी हातपाय हलवत राहणं, गर्रकन वळून बाहेर पडायची जागा हेरणं, २५ यार्ड म्हणजे सुमारे २३ मीटर जाणं आणि शिडीशिवाय बाहेर येणं. आमच्या टँकमध्ये ही एक फेरी आणि परतीची अर्धी होते. वेग कोणी मोजत नाही.

लाजेची व्यवस्था

मोठ्यांच्या बॅचच्या वेळी लहान पोरं टँकवर नसतात. पालकही नाहीत. मोबाईल आत येताना कपाटात, आमचेसुद्धा. कोणाचा रील निघणार नाही.

तायांची बॅच वेगळी, सकाळी सहाला आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर. ऊन नसतं, त्यामुळे "काळी पडशील" म्हणणाऱ्यांनाही उत्तर मिळतं. तेव्हा शिकवायला फक्त सौ., आणि गेट आतून बंद. अंगभर नायलॉनचा पोशाख चालतो. सुती सलवार-कुर्ता नको, तो पाणी पिऊन जड होतो. पाळीच्या दिवसांत आलात तरी ठीक, नाही आलात तरी कोणी कारण विचारत नाही आणि ते दिवस पुढे भरून देतो. सासूबाईंना सोबत आणायचं असेल तर त्यांना बाकावर चहा मिळेल. एक सासूबाई चहा संपवून पायरीवर उतरल्या होत्या, तेही आम्ही कोणाला सांगितलेलं नाही.

अर्धवट येणाऱ्यांना एक विनंती

अजिबात न येणारा सहसा काठावर राहतो. अर्धं येणारा भिडेपायी पाण्यात जातो. विसर्जनाला, पिकनिकला, धरणावर मित्र म्हणतात "चाल ना बे", आणि 'मला तेवढं जमत नाही' एवढं वाक्य तोंडातून निघत नाही. ते वाक्य आम्ही बॅचमध्ये मोठ्याने म्हणायला लावतो. सुरुवातीला सगळे हसतात.

शेततळ्याचं वेगळं सांगतो. राज्यात २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' आलं, आता आपल्या शिवारातही बरीच दिसतात. खोली साधारण तीन मीटर, बाजू उतरत्या आणि वर प्लास्टिकचा कागद. ओला कागद शेवाळाने साबणासारखा होतो. त्यावरून चांगला पोहणाराही वर चढू शकत नाही. आम्ही शिकवलेलं तिथे पुरणार नाही. तुमच्या तळ्याला चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडून ठेवा, वरचं टोक पक्क्या खुंट्याला. शेजारी वीस लिटरची रिकामी कॅन बूच घट्ट लावून ठेवा. माणसाचं तोंड पाण्यावर राहायला सहा-सात किलोचा आधार पुरतो, कॅन त्याहून जास्त देते. कोणी पडलं तर मागे उडी मारू नका. कॅन फेका, दुपट्टा फेका, पालथं झोपून बांबू पुढे करा. बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, आणि तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडून होणारे मृत्यू टाळण्याचा दिवस ठरवला. तेव्हा आमचा टँक बंद असतो, म्हणून त्या दिवशी एखाद्या शेततळ्यावर हेच सगळं करून दाखवतो. त्याला फी नाही.

बाकीचं थोडक्यात

महिन्याची फी १,२०० रुपये, दोन हप्त्यांत चालते. येण्याआधी दोन तास जड जेवण नको. दारू पिऊन आलेल्याला आत घेत नाही, नातेवाईक असला तरी. फिट येत असतील, हृदयाचा त्रास असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल तर फॉर्मवर लिहा, डॉक्टरांना विचारूनच उतरवू. चष्मा असणाऱ्यांना नंबरचा गॉगल मागवून देतो. टोपी तुमची. डोक्याला तेल लावून येऊ नका आणि आत येण्याआधी अंघोळ करा. टँकवर जो 'क्लोरीनचा वास' येतो तो बहुतेक घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून तयार झालेला असतो. ज्या टँकला तो वास फार येतो तिथे क्लोरीन जास्त आहे असं नाही, अंघोळ न केलेले लोक जास्त आहेत.

फॉर्म गेटवर मिळेल. "भाच्यासाठी विचारायला आलो" म्हणालात तरी चालेल, आम्ही मोठ्यांच्याच बॅचचा देऊ.