पोटरीतला पंप आणि नवव्या महिन्यातली झोप

माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी आली आहे. रात्री लघवीला चार-चार वेळा उठते. शिवाय कूस बदलायची तरी आधी उठून बसते. का, तर आजीची ताकीद: पडल्या पडल्या वळलीस तर नाळ बाळाच्या गळ्याला गुंडाळेल. नाळेचा वेढा पडतो तो बाळाच्या स्वतःच्या कोलांट्यांनी. चार-पाच बाळंतपणांत एकदा तो दिसतोच आणि बहुतेकदा काही बिघडत नाही. आईच्या कूस बदलण्याशी त्याचं देणंघेणं नाही.

राहिलं लघवीला उठणं. बाळाचं डोकं मूत्राशयावर टेकतं हे खरंच, पण अर्धी गोष्ट पायात आहे. उभं राहिलं की हृदयापासून घोट्यापर्यंत सव्वा मीटरभर रक्ताचा स्तंभ उभा राहतो. रक्त पाण्याइतकंच जड धरा, पारा १३.६ पट जड. १२५० मिलिमीटरला १३.६ ने भागा: घोट्याच्या शिरेत सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याचा दाब! त्यात मोठं झालेलं गर्भाशय पोटातल्या महाशिरेवर रेलतं, म्हणून वरची वाटही चिंचोळी. मग केशवाहिन्यांतून पाणी झिरपून पाय सुजतात.

रात्री आडवं झालं की हेच पाणी रक्तात परत येतं. हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, त्यांतून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना सांगतं: मीठ-पाणी बाहेर काढा. की उठा!

यावर उतारा पोटरीत आहे. पाऊल टाकताना पोटरीचा स्नायू आवळतो, शिरेतलं रक्त वर ढकलतो आणि शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. चालताना घोट्यातला तो ९० चा दाब तिशीच्या आसपास उतरतो. म्हणून संध्याकाळी चालावं, मग पाय उंच ठेवून डाव्या कुशीवर पडावं. पाण्याचा काही भाग झोपेआधीच निघून जातो.

जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणातही आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे चालता चालता गप्पा मारता याव्यात इतपत. रक्तस्राव, खाली सरकलेली वार किंवा वाढलेलं ब्लडप्रेशर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

भाची आता कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर संध्याकाळी चालते. रात्री दोनदाच उठते म्हणते. त्यात चालण्याचा वाटा किती, हे एका भाचीवरून मी सांगणार नाही.