शेत एक, उतारे तीन: सीडी एकीकडे उघडते, दुसरीकडे नाही, त्याची पार्श्वभूमी

लातूर, परभणी, जालन्याकडच्या कितीतरी घरांत लग्नाच्या शूटिंगच्या सीडी अजून कपाटात पडून आहेत. त्या पेनड्राइव्हवर घ्यायला काढल्या, की एका कॉम्प्युटरवर उघडणारी सीडी दुसऱ्यावर रिकामी दिसते आणि ‘सीडी गेली’ म्हणून ती बाजूला पडते. ओरखडे पडून, थर उडून सीडी जातातच. पण पुष्कळदा डेटा जागेवर असतो. ती ज्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे फाइली मांडायच्या ज्या पद्धतीत, लिहिली आहे, ती समोरच्या मशीनला कळत नाही एवढंच.

१९८२ साली ऑडिओ सीडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर फाइल सिस्टिम नव्हतीच, नुसते ट्रॅक होते. म्हणून गाण्यांची सीडी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर माउंट होत नाही, म्हणजे फोल्डरसारखी उघडत नाही, आणि तो बिघाड नव्हे. पुढे सीडी-रॉम आली आणि जो तो आपल्या पद्धतीने फाइली मांडू लागला. हा घोळ मिटवायला १९८५ मध्ये अमेरिकेत लेक टाहोजवळच्या हाय सिएरा हॉटेलात कंपन्यांची माणसं जमली. तिथल्या आराखड्यावरून १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे मानक ठरलं. त्याची पहिली पातळी डॉस या विंडोजआधीच्या सिस्टिमला झेपेल अशी होती: नाव आठ अक्षरांचं, पुढे तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन, सगळं कॅपिटल.

युनिक्स ही सिस्टिम वापरणाऱ्यांनी त्यावर रॉक रिज ही भर चढवली, त्यात लांब नावं आणि परवानग्या आल्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या काळात जोलिएट आणलं: युनिकोड, म्हणजे मराठीसारख्या लिपींतलीही नावं, ६४ अक्षरांपर्यंत. गंमत अशी की एकाच सीडीवर हे तिन्ही नांदू शकतात. डेटा एकदाच लिहिलेला, नावं मात्र निरनिराळी. शेत एकच, उतारे तीन. लिनक्स आधी रॉक रिज बघतं, ते नसेल तर जोलिएट. तिथे कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं वाचायची सेटिंग, यूटीएफ-८ नसेल, तर ‘साखरपुडा’ नावाच्या फोल्डरऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

डीव्हीडीबरोबर यूडीएफ ही नवी फाइल सिस्टिम आली. विंडोज व्हिस्टापासून कोरी डिस्क घातली की दोन पर्याय विचारले जातात. पेनड्राइव्हसारखा वापर निवडला तर फाइली यूडीएफवर सुट्या लिहिता येतात, पण घरच्या डीव्हीडी प्लेयरला ती डिस्क बहुधा उमगत नाही.

सर्वांत चकवते ती व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, आणि आपल्याकडच्या जुन्या लग्नाच्या सीडींत तीच फार. ती आयएसओ ९६६० म्हणून सरळ माउंट होते, आतली व्हिडिओची डॅट फाइलही दिसते. लिनक्सवर ती कॉपी करायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर येते आणि माणूस सीडीवर खापर फोडतो. खरं कारण असं, की साध्या डेटाच्या सेक्टरमध्ये, म्हणजे सीडीवरच्या एका कप्प्यात, २०४८ बाइट असतात, व्हीसीडीच्या व्हिडिओ सेक्टरमध्ये मात्र २३२४. दुरुस्तीची जादा माहिती वगळून तिथे चित्रासाठी जागा केली आहे. विंडोजवर तीच डॅट फाइल कॉपी होते आणि व्हीएलसी या प्लेयरमध्ये चालते. लिनक्सवर व्हीसीडीइमेजर या सॉफ्टवेअरमधलं व्हीसीडीएक्सरिप वापरावं.

‘आयएसओ इमेज काढून ठेवा’, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमध्ये प्रत घ्या, हा सल्ला एरवी चांगला. विंडोज ८ पासून ती इमेज डबल क्लिकने माउंट होते. व्हीसीडीला तो लावू नये. २०४८ च्या मापाने काढलेल्या इमेजमध्ये फोल्डर राहतील, वरात राहणार नाही.