सेन्सरचा कोड की कम्युनिकेशनचा कोड? एफएमआय ३ आणि ९ मधला घोळ

लोडरच्या डिस्प्लेवर इंजिन स्पीडचा कोड येतो, गिअर धड पडत नाहीत आणि मेकॅनिक लगेच स्पीड सेन्सर बदलायला घेतो. नवा सेन्सर बसतो, कोड जागचा हलत नाही. मग संशय ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या कंट्रोलरवर (कॉम्प्युटरवर), जातो आणि तोही बदलला जातो. हे पुन्हा पुन्हा घडतं, कारण कोडमधले ‘इंजिन स्पीड’ हे दोन शब्द वाचले जातात. त्यापुढचा एफएमआयचा, म्हणजे दोषाचा प्रकार सांगणारा, आकडा आणि कोड कोणत्या कंट्रोलरने टाकलाय हे कोणी बघतच नाही.

सेन्सरचा कोड सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. कोडचे दोन आकडे असतात: एसपीएन सांगतो कशाबद्दल, एफएमआय सांगतो काय झालंय. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. इंजिनच्या ईसीएमने एसपीएन १००, म्हणजे ऑइल प्रेशर, एफएमआय ४ दिला, तर त्याच ईसीएमच्या पिनवर चुकीचं व्होल्टेज आलंय. सेन्सर, त्याच्या तारा, कनेक्टर, पिन, एवढाच प्रांत तपासायचा. एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कोड आले तर मात्र आधी ५ व्होल्टचा सप्लाय बघा, एक शॉर्ट झालेला सेन्सर बाकीच्यांनाही खाली ओढतो.

कम्युनिकेशनच्या कोडचं गणित वेगळं आहे. जे १९३९, म्हणजे मशीनमधल्या कंट्रोलरनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत. तिच्या जाळ्यात प्रत्येक कंट्रोलर सगळं स्वतः मोजत नाही. इंजिनचा स्पीड इंजिनचा ईसीएम मोजतो आणि कॅनच्या, म्हणजे सगळे कंट्रोलर जोडणाऱ्या लाइनच्या, दोन तारांवरून सेकंदाला कित्येकदा सगळ्यांना कळवत राहतो. कूलंटचं तापमान सावकाश बदलतं, म्हणून ते सेकंदातून एकदाच जातं. ट्रान्समिशनच्या कंट्रोलरला गिअर बदलायला इंजिनचा स्पीड लागतो. ठरलेल्या वेळात मेसेज आला नाही की तो कोड टाकतो: एसपीएन १९०, एफएमआय ९. एसपीएन १९० म्हणजे इंजिन स्पीड, हे खरंच. पण हा कोड ट्रान्समिशनच्या कंट्रोलरने दिलाय, आणि इंजिनच्या स्पीड सेन्सरची तार त्याच्यापर्यंत जातही नाही. सेन्सर चांगला की वाईट हे त्याला कळायची सोयच नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की ‘मला निरोप मिळाला नाही’.

सगळ्यांचा पाय अडकतो तो इथे. सेन्सरच्या कोडमध्ये दोष कोड देणाऱ्याच्या स्वतःच्या सर्किटमध्ये असतो. कम्युनिकेशनच्या कोडमध्ये कोड देणारा बहुतेक वेळा धडधाकट असतो, तो दुसऱ्याबद्दल तक्रार करत असतो. ज्याचा सप्लाय गेलाय किंवा जो जाळ्यातून तुटलाय, तो स्कॅनरवर दिसतच नाही, त्यामुळे त्याचा एकही कोड वाचता येत नाही. म्हणजे ज्याने सर्वांत जास्त कोड टाकले, तोच खराब, असं धरून चालणारा माणूस नेमका चांगला कंट्रोलर काढून ठेवतो.

म्हणून कोड मिटवायच्या आधी ते सगळे कागदावर लिहून काढा. कोणी टाकला, कोणाबद्दल टाकला, एवढे दोनच रकाने. कोणी टाकला हे सोर्स ॲड्रेसवरून, म्हणजे जाळ्यातल्या कंट्रोलरच्या क्रमांकावरून, कळतं: इंजिनचा साधारणपणे ०, ट्रान्समिशनचा ३. सगळे मिळून एकाबद्दलच ओरडत असतील, तर त्या एकाचा सप्लाय, अर्थ (अर्थिंग), फ्यूज आणि त्याच्याकडे जाणारा कॅनचा फाटा बघा. दोन गट एकमेकांबद्दल तक्रार करत असतील, तर मुख्य लाइन त्यांच्यामध्ये कुठेतरी तुटलीय. सगळेच सगळ्यांबद्दल बोलत असतील, तर दोन तारा एकमेकींना किंवा अर्थला लागल्यात, नाहीतर एखादा कंट्रोलर लाइन अडवून बसलाय. त्यासाठी एकेका कंट्रोलरचा कनेक्टर काढून बघा, कुठल्या वेळी लाइन मोकळी होते ते. कोड आधीच मिटवून टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण ही सगळी माहिती त्या एका बटणाबरोबर जाते.

एफएमआय १९ सुद्धा ९ मध्येच ढकलला जातो, पण तो वेगळा. १९ म्हणजे निरोप वेळेवर आला, पण आतली किंमत चुकीची असल्याचं पाठवणाऱ्यानेच कळवलंय. तार ठीक आहे, कॅनची लाइन उकलत बसू नका. पाठवणाऱ्या कंट्रोलरचे कोड वाचा, तिथे बहुधा ३ किंवा ४ सापडेल.

आता मीटर. बॅटरीचा कटआउट बंद करा, मगच रेझिस्टन्स मोजा. सप्लाय चालू ठेवून ओहम मोजणाऱ्याने आकडा सांगूच नये, त्याला अर्थ नसतो. नऊ पिनी डायग्नोस्टिक कनेक्टरवर सी म्हणजे कॅन हाय, डी म्हणजे कॅन लो. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (रेझिस्टर) असतो, त्यामुळे सी आणि डी मध्ये ६० च्या आसपास दिसायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर गेलाय किंवा मधे तार तुटलीय. ४० आले तर कोणीतरी तिसरा टर्मिनेटर लावलाय. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्यात.

पण ‘६० आले, म्हणजे वायरिंग ओके, म्हणजे ईसीएम गेला’ ही उडी चुकीची आहे. ६० ओहम फक्त मुख्य लाइनबद्दल बोलतात. एखाद्या कंट्रोलरकडे जाणारा फाटा तुटला, तरी डायग्नोस्टिक कनेक्टरवर ६० च दिसतात. त्या कंट्रोलरचा कनेक्टर काढा आणि हार्नेसच्या बाजूने तिथेच मोजा. तिथे ६० दिसले तर फाटा जोडलेला आहे, सर्किट उघडं दिसलं तर तो तुटलाय. मुख्य लाइनच्या टोकाला बसलेल्या काही कंट्रोलरच्या आतच टर्मिनेटर असतो, तिथे कनेक्टर काढल्यावर १२० दिसतील, ते बरोबर. सप्लाय आणि अर्थ मोजताना मात्र रिकाम्या कनेक्टरवर २४ व्होल्ट बघून समाधान मानू नका. एकच धागा शिल्लक राहिलेली तारही मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवते. कंट्रोलर चालू असताना, लोड असताना, बॅटरीच्या टोकापासून पिनपर्यंत व्होल्टेज किती पडतंय ते मोजा.

टोचून मोजण्याच्या सवयीबद्दलही बोलायला हवं. तारेचं आवरण टोचलं की पाणी आत शिरतं आणि काही महिन्यांनी तिथे तांबं हिरवं पडतं. त्यातून नवा दोष तयार होतो, तोही अधूनमधून येणारा, म्हणजे शोधायला सर्वांत वाईट. कनेक्टरच्या मागच्या बाजूने पातळ प्रोब सारा. नंतर लावलेला ट्रॅकर कॅनच्या तारेला चिमटा मारून जोडलेला दिसला, तर दोष शोधायची सुरुवात तो काढूनच करा. मशीनवर वेल्डिंग करताना कंट्रोलर जोडलेलेच ठेवले होते का, तेही विचारून घ्या.

दोष अधूनमधून येत असेल, तर मशीन जिथे वाकतं तिथे आधी जा. आर्टिक्युलेटेड लोडरमध्ये मधल्या सांध्यातून जाणारा हार्नेस रोज वळतो, तार आवरणाच्या आत तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. मीटर सी आणि डी वर लावा, हार्नेस इंचाइंचाने हलवत जा आणि ६० चा आकडा कोणत्या जागी उडतो ते बघा.