व्हॉल्व्ह घासणं म्हणजे सीट कापणं नव्हे

जुना मॅसी ट्रॅक्टर खोलला, इंजिनाचं हेड खाली उतरलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "व्हॉल्व्ह घासून बसवू, झालं." मालकही मान डोलावतो. घासायच्या पेस्टने व्हॉल्व्ह घासणं आणि सीट, म्हणजे हेडमधली व्हॉल्व्ह टेकायची गोल जागा, कापून घेणं म्हणजे एकाच कामाचे दोन भाव, एक स्वस्त आणि एक महाग, हा समज इतका पक्का आहे की नवे व्हॉल्व्ह, नवे गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळ्या), नव्या स्प्रिंगा आणूनही माणसं सीटच्या बाबतीत पेस्टवरच भागवतात. मग पहिल्याच नांगरटीत ट्रॅक्टर लोडवर दम सोडतो आणि दोष डिझेल पंपाला लागतो.

घासणं सगळ्यांना येतं. पेस्ट लावायची, रबरी चोषकाची दांडी तळहातांत फिरवायची, मधून मधून व्हॉल्व्ह उचलून जागा बदलायची, राखाडी पट्टा दिसला की थांबायचं. सीट कापणं लेथवाल्याकडचं काम आहे, त्याला पैसे आणि एखादा दिवस जास्त लागतो. हे फरक कुणालाही कळतात.

खरा फरक पायलटमध्ये, म्हणजे कटरला मध्य धरून देणाऱ्या सरळ दांडीत आहे. सीट कापताना आधी गाईडमध्ये पायलट घट्ट बसवतात आणि कटर त्या पायलटवर फिरतो. म्हणजे नवी सीट गाईडच्या मध्याला धरूनच तयार होते. व्हॉल्व्हची दांडी त्याच गाईडमधून वरखाली होणार असल्याने व्हॉल्व्हचं तोंड, म्हणजे सीटवर टेकणारा भाग, चहूबाजूंनी सारखं टेकतं. पेस्टला असा मध्य नसतो. जुनी सीट एका अंगाला झिजून लंबगोल झाली असेल, तर व्हॉल्व्ह त्या लंबगोलातच फिरतो, आणि पेस्ट दोघांनाही खात राहते, दोघं एकमेकांच्या वाकडेपणाला जुळेपर्यंत. चौकट तिरकी असली तर दाराला रंधा मारून ते बंद करता येतं, पण चौकट तिरकीच राहते.

गाईड नवे टाकले असतील तर हे दुप्पट लागू होतं. नव्या गाईडचा मध्य जुन्या गाईडच्या मध्याशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून क्रम एकच: आधी गाईड बसवून रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) मारायचा, मग सीट कापायची. सीट आधी कापून गाईड नंतर ठोकणाऱ्याकडे मी हेड देणार नाही.

"पण मी केरोसीन ओतून बघितलं, थेंब गळला नाही," हे उत्तर हमखास येतं. केरोसीनची चाचणी थंड हेडवर, स्थिर व्हॉल्व्हवर होते. चालू इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं सहा-सातशे अंशांपर्यंत तापतं, सीटमागे मात्र पाणी फिरत असतं. व्हॉल्व्ह सीटपेक्षा जास्त फुगतो, त्यामुळे थंडपणी जिथे टेकत होता तिथे तो गरमपणी टेकत नाही. जास्त घासून व्हॉल्व्हच्या तोंडावर खाच पाडलेली असेल, तर आता सीटवर पट्टा टेकत नाही, खाचेची कड टेकते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर पडते. टेकण कमी झालं की उष्णता अडते आणि कड जळायला लागते. २००० फेऱ्यांना तो व्हॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा आपटतो, त्यामुळे फार वाट बघावी लागत नाही.

केरोसीनपेक्षा मी पेन्सिलवर विश्वास ठेवतो. व्हॉल्व्हच्या कोरड्या तोंडावर, पट्ट्याला आडव्या, दोन-तीन मिलिमीटर अंतराने बारीक रेघा मारा. व्हॉल्व्ह सीटवर टेकवून पाव फेरी फिरवा आणि उचला. प्रत्येक रेघ मध्ये तुटलेली दिसली पाहिजे. सलग पाच-सहा रेघा अखंड राहिल्या तर त्या बाजूला व्हॉल्व्ह टेकतच नाही, आणि तिथे पेस्टची डबी हातात घ्यायचं कारण नाही.

पट्ट्याची रुंदीही कटरच ठरवतो. सीट ४५ अंशांची असेल तर वरून ३० आणि आतून ६० अंशांचा हलका हात मारून पट्टा दीड ते दोन मिलिमीटरवर आणतात, आणि तो व्हॉल्व्हच्या तोंडाच्या साधारण मध्यावर सरकवतात. पेस्ट पट्टा फक्त रुंद करते, अरुंद कधीच करत नाही. रुंद पट्ट्यावर काजळी चिकटते, दाब विखुरतो. ड्रिल मशीनला व्हॉल्व्ह जोडून गरागरा फिरवणाऱ्यांची घाई इथेच नडते: मिनिटभरात पट्टा पसरतो, आणि वर पेस्टचे कण गाईडमध्ये उतरतात.

मग पेस्ट फेकून द्यायची का? नाही. सीट कापल्यावर बारीक पेस्टने चार हलके फेरे मारून पट्टा सलग आला का ते बघायचं, एवढं तिचं काम. जाडी पेस्ट मी तर हेडजवळ आणूच देत नाही. आणि व्हॉल्व्ह मुद्दाम सीटपेक्षा एखादा अंश कमी कोनात घासून आला असेल, तर पेस्ट लावायचीच नाही. तो बारीक फरक पेस्ट पुसून टाकते.

कापण्यालाही हद्द आहे. प्रत्येक कटमागे व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो. डिझेल इंजिनात त्याने कॉम्प्रेशन पडतं आणि सकाळी सुरू व्हायला त्रास होतो. शिवाय दांडी पलीकडे वर येते, स्प्रिंग सैल पडते. म्हणून हेडच्या सपाटीपासून खोली मोजून मॅन्युअलशी ताडून बघा. हद्द ओलांडली असेल तर हेड कोरून सीट रिंग बसवून घ्या. अनेक जुन्या हेडांत सीट थेट बिडातच कापलेली असते, रिंग नसते, पण नंतर बसवता येते. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरची फट, मात्र दोन्ही प्रकारांत नव्याने लावावेच लागतात. मॅसी ३५ मधल्या पर्किन्स ३.१५२ इंजिनाला थंड असताना ०.३० मिलिमीटर. थोडे तास चालवून ते पुन्हा तपासा, कारण नवी सीट बसत जाते तशी ही फट कमी होते.