बँकेच्या नफ्यातून मालकाच्या हाती किती उरतं?

पुण्यात १९३५ साली नोंदणी झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रने २००४ मध्ये पहिल्यांदा लोकांना शेअर विकले. भाव होता २३ रुपये. जुलै २०२१ मध्ये याच बँकेने संस्थात्मक गुंतवणूकदारांना नवे शेअर दिले, ते २४ रुपयांच्या आसपास. मधे सतरा वर्षं गेली होती. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक या काळात तिपटीहून जास्त चढला, म्हणजे २००४ चे २३ रुपये २०२१ मध्ये सत्तरच्या वर जायला हवे होते. लाभांश अधूनमधून मिळाला, काही वर्षं तोही बंद होता. बँकेच्या ठेवी आणि कर्जं मात्र या काळात कित्येक पटींनी वाढली.

बँक वाढते आणि तिचा भागधारक जागच्या जागी राहतो, हे कसं होतं? 'शेअरचं मोल किती' या प्रश्नाचं उत्तर बँकांच्या बाबतीत वेगळ्या वाटेने का शोधावं लागतं, ते यातूनच कळतं.

कोणत्याही धंद्याचं मोल म्हणजे मालकाला त्यातून पुढे जी रोख काढून घेता येईल तिची आजची किंमत. या रोखीला फ्री कॅश फ्लो किंवा मोकळी रोख म्हणतात. साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. साखर विकून पैसे आले, त्यातून ऊस, मजुरी, कर वजा केले, जुनी यंत्रं बदलायचा खर्च वजा केला. उरलं ते मालकाचं. हे गणित कारखान्याच्या रोख प्रवाह पत्रकातून बऱ्यापैकी काढता येतं.

बँकेचं तेच पत्रक उघडलं तर डोकं चक्रावतं, कारण बँकेचा ऊस म्हणजेच पैसा. ठेव आली की ती रोखीची आवक धरली जाते आणि कर्ज दिलं की जावक, आणि दोन्ही 'कामकाजातील रोख' याच सदरात पडतात. एचडीएफसी बँकेचा २०२१-२२ चा एकत्रित नफा सुमारे ३८ हजार कोटी रुपये होता, पण कामकाजातील रोख उणे सुमारे १२ हजार कोटी दिसत होती. बँक अडचणीत होती म्हणून नव्हे, तिची कर्जं जोरात वाढत होती म्हणून. उलट एखादी डबघाईला आलेली बँक चढं व्याज देऊन ठेवी गोळा करत सुटली, तर तिच्या पत्रकात भरघोस रोख दिसेल. तेव्हा शेअरच्या संकेतस्थळांवर बँकेच्या नावापुढे 'फ्री कॅश फ्लो' म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो मूल्यांकनासाठी वापरू नये, हे मी ठामपणे सांगेन.

मग बँकेची मोकळी रोख मोजायची कशी? कारखान्याला वाढायला यंत्रं लागतात, बँकेला भांडवल, म्हणजे प्रामुख्याने मालकांचा पैसा, ठेवीदारांचा नव्हे. रिझर्व्ह बँकेने लागू केलेल्या बासेल ३ या बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आपल्याकडच्या बँकांना जोखीमभारित मालमत्तेच्या किमान ११.५ टक्के भांडवल राखावं लागतं. जोखीमभारित म्हणजे प्रत्येक कर्ज त्याच्या धोक्याप्रमाणे कमी-जास्त वजनाने मोजायचं. म्हणून बँकेची मोकळी रोख म्हणजे वर्षाच्या नफ्यातून, पुढच्या वर्षीच्या वाढलेल्या कर्जांसाठी जे भांडवल बाजूला ठेवावं लागेल, ते वजा करून उरलेली रक्कम. तेवढीच रक्कम लाभांश म्हणून बिनधोक वाटता येते.

यात महागाई कुठून शिरते, ते एका गृहकर्जावरून पाहू. घर ५० लाखांचं, कर्ज ४० लाखांचं. अशा कर्जाला ३५ टक्के वजन धरलं, तर जोखीमभारित रक्कम १४ लाख आणि तिच्यामागे लागणारं भांडवल सुमारे १ लाख ६१ हजार. काही वर्षांनी शेजारची तशीच सदनिका ६० लाखांना विकली जाते आणि कर्ज ४८ लाखांचं होतं. आता भांडवल लागतं १ लाख ९३ हजार. घर तेवढंच, कर्जदार तसाच, बँकेचं कामही तेवढंच, तरी ३२ हजार रुपये नफ्यातून काढून गाडून ठेवावे लागले. लाखो कर्जांवर हेच घडतं. महागाई बँकेच्या भांडवलावर जणू दरवर्षी पट्टी वसूल करते, आणि नफा-तोटा पत्रकात या पट्टीची ओळच नसते.

ही पट्टी किती जड असते, हे काल्पनिक आकड्यांवर तपासता येतं. एका बँकेचं नक्त मूल्य, म्हणजे भागधारकांचं भांडवल आणि राखीव निधी मिळून, १०० रुपये आहे आणि त्यावर ती वर्षाला १५ टक्के कमावते. महागाई ४ टक्के, आणि महागाई सोडून बँकेची खरी वाढ ४ टक्के. दोन्ही मिळून ताळेबंद ८.१६ टक्क्यांनी वाढणार, म्हणून नफ्याच्या १५ रुपयांतले ८.१६ रुपये आत ठेवायचे. उरले ६.८४. ते वर्षअखेरीस मिळणार, म्हणून आजच्या रुपयांत ६.५८. भागधारकाला महागाई वगळून ८ टक्के परतावा हवा आहे असं धरलं आणि त्यातून ४ टक्के खरी वाढ वजा केली (कारण ही रोख दरवर्षी तेवढी वाढत जाणार), की भाजक उरतो ४ टक्के. ६.५८ ला ०.०४ ने भागा, उत्तर येतं १६४. म्हणजे नक्त मूल्याच्या १.६४ पट.

आता फक्त महागाई ४ वरून ७ टक्क्यांवर न्या आणि बाकी सगळं तसंच ठेवा. वाढीसाठी आता ११.२८ रुपये ठेवावे लागतात. मालकाला उरतात ३.७२, आजच्या रुपयांत ३.४८. ०.०४ ने भागल्यावर मोल होतं ८७. नफा तेवढाच, खरी वाढ तेवढीच, अपेक्षित खरा परतावाही तोच, आणि शेअरचं मोल जवळजवळ अर्ध्यावर.

'महागाई वाढली की व्याजदर वाढतात, मग बँकांची चांदीच' असं सर्रास म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. चालू खात्यांवर बँक व्याज देत नाही, बचत खात्यांवर कमी देते, आणि ऑक्टोबर २०१९ पासून नवी तरत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो) बाहेरच्या दराला जोडलेली असल्याने कर्जाचं व्याज पटकन वर जातं. त्यामुळे सुरुवातीला फायदा होतो. पुढे ठेवीदार मुदत ठेवींकडे वळतात आणि तो फायदा विरघळत जातो. शिवाय ठेवींच्या १८ टक्के रक्कम बँकांना प्रामुख्याने सरकारी रोख्यांत ठेवावी लागते, आणि व्याजदर चढले की जुन्या रोख्यांच्या किमती पडतात. आपल्या उदाहरणात मोल १६४ वर टिकवायचं असेल तर बँकेचा नक्त मूल्यावरचा परतावा १५ वरून १८.३ टक्के व्हायला हवा. इतकी उडी कायमची टिकवणाऱ्या बँका थोड्याच. म्हणून बँकेचे आकडे महागाई वजा करूनच वाचावेत, आणि परतावा व वाढीचे दर दोन्ही 'खरे' धरावेत. एक दर महागाईसकट आणि दुसरा महागाईविना, अशी सरमिसळ झाली तर उत्तर हवं तसं फुगवता येतं.

वाढ जोरात असेल तर उत्तम बँकेलाही मोकळी रोख उरत नाही, हेही इथेच लक्षात येतं. १७-१८ टक्के परतावा कमावणारी बँक नफ्याचा पाचवा हिस्सा वाटत असेल, तर स्वतःच्या नफ्यावर ती साधारण १४ टक्क्यांनी वाढू शकते. तिला २० टक्क्यांनी वाढायचं असेल तर भागधारकांकडे हात पसरावा लागतो. एचडीएफसी बँकेने २०१५ आणि २०१८ मध्ये बाजारातून मोठं भांडवल उभारलं, ते याच कारणाने. त्यात गैर काही नाही. नव्या भांडवलावर बँक भागधारकाच्या अपेक्षेपेक्षा जास्त कमावत असेल तर आज न मिळालेली रोख उद्या वाढून मिळते. कमावत नसेल, तर नुसता आकार वाढतो.

आता 'दीर्घकालीन' या शब्दाकडे येतो. माझ्या मते सगळ्या गणितात जास्त वजन यालाच द्यावं. कर्ज दिलं की व्याजाचं उत्पन्न पहिल्या महिन्यापासून दिसू लागतं. ते कर्ज बुडणार असेल तर ते कळायला तीन, पाच, कधी सात वर्षं लागतात. म्हणून बँकेचं कोणतंही एक वर्ष फसवं असतं. चांगली वर्षं फार चांगली दिसतात आणि वाईट वर्षांत आधीच्या अनेक वर्षांचं देणं एकदम चुकवावं लागतं. रॉबर्ट शिलर आणि जॉन कॅम्पबेल या अर्थतज्ज्ञांनी १९८८ मध्ये अमेरिकी बाजारासाठी जी रीत मांडली, ती इथे उपयोगी पडते. दहा वर्षांचा नफा घ्या, प्रत्येक वर्षाचा आकडा महागाईने आजच्या रुपयांत बदला आणि मग सरासरी काढा.

ही रीत बँक ऑफ महाराष्ट्रला लावून पाहू. २०१४-१५ मध्ये नफा ४५१ कोटी, पुढच्या वर्षी १०१ कोटी. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये सगळ्याच बँकांच्या कर्जांची कसून तपासणी सुरू केली आणि झाकलेली बुडीत कर्जं उघडी पडली. मग या बँकेला सलग तीन वर्षं तोटा झाला: १,३७३ कोटी, १,१४६ कोटी आणि २०१८-१९ मध्ये ४,७८४ कोटी. मार्च २०१८ मध्ये ढोबळ थकीत कर्जं १९ टक्क्यांच्या वर होती. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर तातडीच्या सुधारणांचे निर्बंध घातले, ते जानेवारी २०१९ अखेर उठले. मग चढण सुरू झाली: ३८९, ५५०, १,१५२, २,६०२ आणि २०२३-२४ मध्ये ४,०५५ कोटी नफा.

दहा वर्षांची साधी बेरीज येते जेमतेम २,००० कोटी. आता महागाई लावा. तोटे आधीच्या, म्हणजे जास्त मोलाच्या रुपयांत झालेले आहेत. २०१८-१९ चा एकट्याचा तोटा २०२३-२४ च्या रुपयांत ६,३०० कोटींच्या आसपास जातो. मी किरकोळ महागाईच्या निर्देशांकाने सगळे आकडे बदलून बेरीज केली, तेव्हा ती ३०० कोटींच्याही खाली आली. दहा वर्षांत एवढ्या मोठ्या बँकेने आजच्या रुपयांत कमावलं ते जवळपास शून्य. हाच शेअर शेवटच्या वर्षाच्या ४,०५५ कोटींवर तोलला, तर तो अगदी स्वस्त वाटतो.

खरा आकडा या दोन टोकांच्या मधे आहे, आणि तो ठरवताना विवेक लागतो. ती तीन वर्षं अपवादात्मक होती. २०१६ चा दिवाळखोरी कायदा आल्यावर वसुलीची पद्धत बदलली. या बँकेने कर्जांची निवड खरोखर सुधारली, मार्च २०२४ मध्ये ढोबळ थकीत कर्जं १.८८ टक्क्यांवर आली होती. बँकेतल्या माणसांच्या त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण म्हणून थकीत कर्जं कायम याच पातळीवर राहतील असं धरणं म्हणजे बँकिंगचा इतिहास पुसून टाकणं. मी हिशेब करताना चांगल्या वर्षांच्या नफ्यातून दरवर्षी थोडी जास्तीची तरतूद मनातच वजा करतो, बँकेने ती केलेली नसली तरी, आणि उरलेल्यातूनच वाढीचं भांडवल काढतो.

शेवटचा हिशेब शेअरमागे करावा लागतो, आणि तिथे सुरुवातीच्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. २००४ च्या विक्रीनंतर बँकेचे सुमारे ४३ कोटी शेअर होते. तोट्याची वर्षं निभावण्यासाठी सरकारने भांडवल ओतलं आणि त्याबदल्यात शेअर घेतले. नंतर बाजारातूनही भांडवल आलं. २०२४ च्या अखेरीस शेअरची संख्या सुमारे ७६९ कोटी झाली होती, जवळपास अठरा पट. बँक मोठी होत होती, पण वाटेकरी त्याहून वेगाने वाढत होते. बाहेरून घ्यावं लागलेलं भांडवल म्हणजे उणे मोकळी रोख, मग ते सरकारने दिलेलं असो वा म्युच्युअल फंडांनी.

२०२४-२५ या वर्षाकडे याच नजरेने पाहा. नफा ५,५२० कोटी, तोपर्यंतचा विक्रमी. लाभांश शेअरमागे दीड रुपया, म्हणजे एकूण सुमारे १,१५० कोटी. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँकेने नवे शेअर विकून ३,५०० कोटी उभारले. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमानुसार सरकारचा हिस्सा ७५ टक्क्यांपर्यंत खाली आणायचा असल्याने ही विक्री काही अंशी गरजेची होती, हे खरं. तरी सगळे भागधारक मिळून एकच माणूस आहे असं समजलं, तर त्या विक्रमी वर्षात त्याने बँकेतून जितकं घेतलं त्याच्या तिप्पट तिच्यात घातलं. आज शेअरला भाव देणारा त्या ३,५०० कोटींवर पुढच्या दहा वर्षांत, एका वाईट चक्रासकट, महागाईच्या वर किती कमावलं जाईल याचा भाव देत असतो.