चुकीचा आकडा टाकला की कॉम्प्युटर सांगतोच?

"आकडा चुकीचा टाकला तर कॉम्प्युटर स्वतःच अडवतो." सांगलीत हळदीच्या अडत दुकानापासून कॉलेजच्या लॅबपर्यंत हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येतं. तसं वाटणं साहजिक आहे, कारण ऑनलाइन फॉर्म भरताना आपण ते अडवणं पाहिलेलं असतं. पण ती तपासणी कुणीतरी मुद्दाम लिहिलेली असते.

घरीच बघा. एक्सेलमध्ये एकाखाली एक तीन पोत्यांची वजनं इंग्रजी आकड्यांत टाका: ५०, ४८, ५२. ऑटोसमने बेरीज येते १५०. आता ५० मधलं शून्य खोडून तिथे इंग्रजी 'ओ' अक्षर टाका. नजरेला फरक जेमतेम कळतो, बेरीज मात्र मुकाट्याने १०० होते. अक्षर आलं की तो रकाना मजकूर ठरतो आणि ऑटोसम मजकूर सोडून देतं. तेच तीन रकाने अधिकचं चिन्ह घालून मिळवा, एरर येईल. एक खूण लक्षात ठेवा: एरवी आकडा रकान्यात उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे राहतो.

प्रोग्रामिंगच्या भाषांतही एकमत नाही. '१२ किलो' असा मजकूर आकड्यात बदलायला सांगितला, तर सी भाषेतलं जुनं 'ए टू आय' फंक्शन १२ घेऊन पुढे जातं. नुसतं 'किलो' दिलं तर शून्य देतं. पायथन दोन्ही वेळा एरर देऊन थांबते. देवनागरीतला १२ मात्र पायथनला चालतो, जावास्क्रिप्टला नाही!

शिकवताना मी मुलांना रिकामी जागा, अक्षर, उणे आकडा असं सगळं टाकायला लावते. काय होईल ते आधी वहीत लिहायचं, मगच एंटर दाबायचं.